पहिल्या बर्फावरचा नारळ

सासरे आणि जावई यांचं पटत नसेल तर घरातल्या बायकांचं काम सोपं असतं. एकाला स्वयंपाकघरात बोलवायचं, दुसऱ्याला बाजारात पाठवायचं, झालं. शोभनाताईंचं नशीब इतकं चांगलं नव्हतं. त्यांच्या घरातल्या दोन पुरुषांचं भलतंच पटायचं.

शशिकांतराव कऱ्हाडचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आवाजाने भारदस्त. जावयाला 'नको' म्हणायचं नाही, हा त्यांचा नियम. जावई यशोधन जर्मनीत, हेर्त्सोगेनआउराखला, एका कंपनीत इंजिनियर. बेअरिंगवर भार वाढवत न्यायचा आणि ते कधी मोडतं ते बघायचं, याचा त्याला पगार मिळे. सासऱ्यांना 'नाही' म्हणायचं नाही, हा त्याचा नियम. लग्नाला चार वर्षं झाली तरी दोघांपैकी एकानेही आपला नियम मोडला नव्हता, आणि त्याचे जे व्हायचे ते परिणाम होत होते. मागच्या खेपेला यशोधनने 'बाबा, सौना बघायचाय का?' असं आपलं सहज विचारलं आणि शशिकांतराव 'वा, अवश्य' म्हणाले. आत अंगावर चिंधीही ठेवायची नसते आणि बायका-पुरुष एकत्रच बसतात, हे यशोधनला आधीपासून ठाऊक होतं, शशिकांतरावांना दारात कळलं. तरी दोघे आत गेले. त्यानंतर दोन दिवस ते एकमेकांशी बोलायचे ते खिडकीबाहेर बघून.

या खेपेचं प्रकरण माशांचं होतं. शशिकांतराव तरुणपणापासून कृष्णेत गळ टाकून बसणारे. मागच्या फेब्रुवारीत यशोधनने घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला होता: गोठलेलं तळं, बर्फाला पाडलेलं भोक, शेजारी स्टुलावर यशोधन आणि त्याच्या हातात वीतभर मासा. शशिकांतरावांनी तो फोटो अख्ख्या कऱ्हाडला दाखवला. शोभनाताई मुलींच्या शाळेत पी. टी. च्या बाई होत्या. दुसऱ्या मुलीचं पदक गळ्यात घालून फोटो काढणाऱ्या मुली त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. जावयाच्या हातातले मोजे त्याच्या मापाचे नव्हते आणि मासा त्याने गरम बशीसारखा धरला होता, हे त्यांना तेव्हाच दिसलं होतं. पण नवऱ्याचा फुकटचा आनंद कशाला घालवा म्हणून त्या गप्प राहिल्या.

आता डिसेंबर होता. नाताळ तोंडावर आला होता आणि शशिकांतराव-शोभनाताई लेकीकडे येऊन चारच दिवस झाले होते. रात्री जेवताना यशोधन म्हणाला, "बाबा, वर डोंगरात आमच्या फेराइनचं, म्हणजे मासेमारीच्या क्लबचं, तळं गोठलंय. रविवारी जाऊ या का मासे धरायला? अर्थात, थंडी फार आहे. तुम्हाला नको वाटत असेल तर..."

"छे छे!" शशिकांतराव म्हणाले. "वा, अवश्य!"

शोभनाताईंनी दोघांचे चेहरे पाहिले. दोघांच्याही तोंडावर सौनाच्या दारातला भाव होता.

स्वयंपाकघरात भांडी लावता लावता देवश्रीने आवाज खाली केला. "आई, ते तळं गोठून आठवडासुद्धा झाला नाहीये. फेब्रुवारीतली गोष्ट वेगळी असते. दरवर्षी पहिल्या बर्फावर कोणीतरी जातं आणि मग फायर ब्रिगेड शिड्या घेऊन धावते. निदान पंधरा सेंटिमीटर तरी बर्फ लागतो."

"मग सांग की त्यांना."

"सांगून झालं. यशोधन म्हणतो, बाबा एवढ्या हौसेने तयार झालेत, मी कसं नाही म्हणू? बाबा म्हणतात, तो एवढ्या प्रेमाने नेतोय, मी कसं नको म्हणू? मला रविवारी क्लिनिकमध्ये ड्यूटी आहे, नाहीतर मीच गाडीची किल्ली लपवली असती. तू जा त्यांच्याबरोबर."

"मी नको म्हटलं की तुझे बाबा दुप्पट वेगाने जातात. यशोधनरावांना पोहता येतं ना?"

"येतं. पण बर्फाखाली कोणालाच येत नाही, आई."

रात्रभर शोभनाताई कूस बदलत राहिल्या. शेजारी शशिकांतराव घोरत होते. एरवी त्या घोरण्याचा त्यांना वैताग यायचा, आज मात्र ते चालू आहे याचं बरं वाटलं. दोघांना कोरडं घरी आणायचं होतं, आणि तेही दोघांपैकी कोणालाही 'नको' म्हणायला न लावता. सकाळी उठल्या त्या गालात हसतच. देवश्रीला म्हणाल्या, "मला एक नारळ आणून दे. शेंडी असलेला."

रविवारी सकाळी गाडी निघाली. मागच्या सीटवर शोभनाताई, मांडीवर पिशवी, पिशवीत नारळ, हळदकुंकू आणि थर्मास. गळ्यात शाळेतली जुनी शिट्टी. पुढे शशिकांतराव एका डब्यात आमिषासाठी हिंग लावलेल्या कणकेच्या गोळ्या घेऊन बसले होते. परवाना फक्त यशोधनकडे होता, त्यामुळे सासऱ्यांनी नुसतं शेजारी बसायचं होतं. पण सल्ला द्यायला परवाना लागत नाही. तो ते सबंध रस्ताभर देत होते. यशोधन जर्मन वळणाने हो ला हो करत, "या, बाबा", "गेनाऊ, बाबा" म्हणत गाडी जमेल तितकी हळू चालवत होता. एवढी हळू की मागून एका ट्रॅक्टरने हॉर्न दिला.

डोंगरावर झाडांच्या मधोमध तळं होतं. काचेसारखा काळा बर्फ, त्यावर कुठे कुठे पांढरे पट्टे, काठाला वाळलेले लव्हाळे आणि एक लाकडी धक्का. तळ्यावर चिटपाखरू नव्हतं. धक्क्याच्या तोंडाशी एक पिवळी पाटी होती. यशोधन गाडीतून उतरला तो थेट जाऊन त्या पाटीला पाठ लावून उभा राहिला.

शोभनाताईंना जर्मन येत नव्हतं, पण 'फेरबोटन', म्हणजे मनाई, हा शब्द जर्मनीत आलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी येतोच. तो यशोधनच्या डाव्या कोपराखालून डोकावत होता. उजव्या कोपराखालून पाण्यात पडणाऱ्या माणसाचं चित्र दिसत होतं, त्यावर लाल फुली होती. शशिकांतरावांनीही ते चित्र पाहिलं. पाहिलं आणि मान वळवून समोरच्या झाडांकडे बघत म्हणाले, "काय देखावा आहे नाही!"

"फार सुंदर," पाटीला पाठ घासत यशोधन म्हणाला.

मग सामान निघालं. बर्फाला भोक पाडायचं लांब दांड्याचं गिरमिट, घडीचं स्टूल, छोटा गळ आणि गळ्यात अडकवायच्या दोन अणकुचीदार मुठी. आत पडलंच तर त्या बर्फात रुतवून वर यायचं असतं, असं यशोधनने घसा खाकरून सांगितलं. मुठींना दुकानाचं लेबल तसंच लटकत होतं. स्टुलालाही होतं. जावई आज आयुष्यात पहिल्यांदा हे करणार आहेत याबद्दल शोभनाताईंना जी थोडीफार शंका होती ती तिथेच संपली. त्यांना त्याचा रागही आला आणि कीवही आली. एका फोटोपायी हा मुलगा स्वतःचा आणि त्यांच्या कुंकवाचा जीव टांगणीला लावत होता.

"थांबा," त्या म्हणाल्या. "पहिला बर्फ आहे. कोळी लोक नारळ वाहिल्याशिवाय समुद्रात होडी तरी घालतात का? आधी नारळ, मग मासे."

याला नाही म्हणायची दोघांचीही टाप नव्हती. बेत अगदी सरळ होता. नारळ जोरात टाकायचा, बर्फ फुटेल, नारळ पाण्यात डुलायला लागेल, आणि मग कोणालाच काही म्हणावं लागणार नाही. सगळे 'अरे बापरे' म्हणून गाडीत बसतील. शोभनाताई कॉलेजात गोळाफेकीला जिल्ह्यात पहिल्या आलेल्या होत्या. त्यांनी नारळाला हळदकुंकू लावलं, डोळे मिटून हात जोडले, धक्क्यावर उभ्या राहून पवित्रा घेतला आणि नारळ भिरकावला. तिघांनीही मनातल्या मनात त्या नारळाकडे एकच प्रार्थना केली, आणि नारळाने तिघांपैकी एकाचंही ऐकलं नाही. तो ठण्ण करून आपटला, उडाला, घरंगळला आणि पार तळ्याच्या मध्याकडे जाऊन शेंडी वर करून ऐटीत बसला.

"म्हणजे बर्फ मजबूत आहे," शशिकांतराव नारळाकडे बघत म्हणाले.

अर्ध्या किलोच्या नारळावरून सव्वाऐंशी किलोच्या सासऱ्यांचा हिशेब निघत नाही, हे यशोधनइतकं कोणाला कळणार? त्याचा तर तोच धंदा होता. पण सासूबाईंच्या पूजेत खोट काढायची म्हणजे... तो नुसता म्हणाला, "आल्झो, म्हणजे... तरी मोजून घेतो."

तो धक्क्यावर पालथा पडला आणि हात खाली करून गिरमिट फिरवायला लागला. गिरमिट काही केल्या आत शिरेना. पुन्हा जोर लावला, पुन्हा तेच.

"यशोधनराव, टोपी," शोभनाताई म्हणाल्या.

"नको आई, कान झाकलेत."

"तुमची नाही हो. गिरमिटाची."

पात्यावरचं प्लास्टिकचं टोपण त्याने लाल चेहऱ्याने काढलं. मग मात्र गिरमिट बर्फात असं आरपार गेलं की तो स्वतःच खाली जाता जाता राहिला. भोकात पट्टी घालून त्याने बराच वेळ वाचली.

"किती?" शशिकांतरावांनी विचारलं.

"सहा. म्हणजे... सात धरू या."

"आणि लागतो किती?"

"पंधरा म्हणतात. पण बाबा, जर्मन लोक काळजीच फार घेतात."

"हो ना. फारच," शशिकांतराव म्हणाले. पाटबंधारे खात्यात असताना कंत्राटदाराने सहाचे सात धरले असते तर त्यांनी त्याला उभा सोलला असता. इथे त्यांनी मान डोलावली. शोभनाताईंना कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. एकाचा जन्म धरणांच्या भिंतींमध्ये गेलेला, दुसरा रोज लोखंड मोडून बघणारा, आणि दोघे मिळून सहाचे सात करत होते.

यशोधनने शेवटचा प्रयत्न केला. "बाबा, तुम्हाला गार वाटत असेल तर आपण कॉफी घेऊन..."

"मला? छे! तुम्हाला वाटत असेल तर सांगा, आपण लगेच..."

"मला नाही, बाबा."

"मग मलाही नाही."

"बरं, तुम्ही व्हा पुढे," शशिकांतराव म्हणाले.

"असं कसं, बाबा? तुम्ही मोठे. आधी तुम्ही."

"तळं तुमचं आहे."

"पाहुणे तुम्ही आहात."

"मग असं करू," शशिकांतरावांनी हात पुढे केला. "बरोबरच जाऊ."

आणि खरोखरच ते एकमेकांचा हात धरून धक्क्यावरून काठावर उतरले. दोघांचं वजन एका जागी! शोभनाताईंचा सगळा खट्याळपणा क्षणात गळून पडला. 'अहो, जाऊ नका' हे शब्द ओठांवर आले, पण ते ऐकून नवरा पाऊल उचलणार हे छत्तीस वर्षांच्या संसाराने त्यांना शिकवलं होतं. एकच गोष्ट उरली होती. या दोन पुरुषांना एकमेकांना अडवता येत नसेल, पण म्हातारीला अडवायला तरी तोंड उघडतील.

"नारळ राहिला ना प्रसादाचा!" असं म्हणत त्या लव्हाळ्यातून दोघांच्या पुढे घुसल्या. "तुम्ही थांबा. आधी मी आणते."

विचार असा होता की एकच पाय टेकवायचा, भार मागच्या पायावर ठेवायचा आणि ओरडण्याची वाट बघायची. पी. टी. च्या बाईंना तेवढं जमतं. पण लव्हाळ्यातला बर्फ मधल्यासारखा नव्हता. तो कुजका होता. पाय टेकताच करकर झाली, मागचा पाय घसरला आणि शोभनाताई मांड्यांपर्यंत आत गेल्या.

थंडी नव्हतीच ती, चावा होता. छातीतला श्वास छातीतच अडकला. त्यांनी शिट्टी ओठांत धरली, पण फुंकायला हवाच नव्हती. बूट खालच्या चिखलाने धरून ठेवले होते. मजा करायला गेले आणि मरते, एवढंच त्यांच्या मनात आलं. त्या घाबरल्या. अगदी लहान मुलीसारख्या घाबरल्या.

"शोभा!" शशिकांतराव ओरडून पुढे झेपावले.

"बाबा, मागे व्हा!" यशोधनचा असा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. "एक पाऊल टाकलंत तर बघा! आडवे पडा! आडवे!"

"अरे मूर्खा, मग बघतोस काय? ओढ तिला!"

"ओढतोच आहे! तुम्ही माझे पाय धरा!"

यशोधन काठावर पालथा पडला आणि त्याने गिरमिटाचा दांडा सासूबाईंच्या हातात दिला. त्याच्या मागे शशिकांतराव पोटावर आडवे झाले. लग्नात ज्या जावयाचे पाय त्यांनी चांदीच्या तबकात धुतले होते, तेच पाय आता बर्फात दोन्ही हातांनी घट्ट धरून ते शिव्या घालत होते. दोघांनी मिळून हिसका दिला. शोभनाताई बाहेर आल्या. डावा बूट मात्र तळ्याने ठेवून घेतला.

गाडीत हीटर पूर्ण सोडला. यशोधनने कोरड्या चादरीत त्यांना गुंडाळलं. शशिकांतराव शेजारी बसले, बायकोचे पाय त्यांनी मांडीवर घेतले, स्वतःचे लोकरी मोजे काढून तिला घातले आणि तळव्यांवर हात ठेवून बसून राहिले. चारचौघांत त्यांनी बायकोचा हातही कधी धरला नव्हता. शोभनाताईंना एकदम रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं.

"काही गरज होती का तुला?" शशिकांतरावांनी विचारलं. ओरडायचं होतं, पण आवाज फाटला.

"तुम्ही दोघं गेला असता," त्या म्हणाल्या. "मग मी इथे उभी राहून काय केलं असतं?"

काचेवर वाफ धरली होती. यशोधनचे हात अजून स्टिअरिंगवर होते, पण त्याने गाडी सुरू केली नव्हती.

"तुला येतं का रे हे?" शशिकांतरावांनी मागून विचारलं. चार वर्षांचं 'यशोधनराव' आणि 'तुम्ही' तळ्यावरच राहिलं होतं, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"नाही, बाबा. तो मासा माझ्या मित्राचा, प्रसन्नचा होता. स्टूलही त्याचंच."

"मग आणलंस कशाला आम्हाला?"

"मला वाटलं तुम्ही नको म्हणाल. तुम्ही अवश्य म्हणालात."

"मी अवश्य म्हणालो कारण तू विचारलंस!" मग हळूच म्हणाले, "आणि ते... सौना?"

"मला स्वतःलाच जायचं नव्हतं, बाबा. मला वाटलं, तुम्हाला हौस आहे."

"मला?" शशिकांतराव उडालेच. "अरे, मी तिथे देवाचं नाव घेत बसलो होतो!"

आधी शोभनाताईंना हसू फुटलं, दात वाजत असतानाच. मग यशोधनला, मग शशिकांतरावांना. गाडी इतकी हलली की पुढच्या सीटवरच्या कणकेच्या गोळ्या डब्यातून सांडून सगळीकडे घरंगळल्या आणि हिंगाचा वास सुटला.

परतताना त्यांनी एका गावात धुरी दिलेले मासे घेतले. ते कुठून आले हे कऱ्हाडला कळवायचं नाही असं ठरलं. देवश्री संध्याकाळी आली तेव्हा आई गरम पाण्याच्या टबात पाय सोडून बसली होती, नवरा खिचडी वाढत होता आणि बाबा माशांचे काटे काढत होते. सगळं ऐकून तिने नवऱ्याला आणि बाबांना मिळून जे काय ऐकवायचं ते ऐकवलं. दोघांनी माना खाली घालून ऐकून घेतलं.

"बाबा, अजून थोडी खिचडी?" यशोधनने डाव पुढे केला.

शशिकांतरावांचं तोंड सवयीने 'अवश्य'साठी उघडलं. मग त्यांनी ते मिटलं आणि ताटावर हात आडवा धरला.

"नको रे," ते म्हणाले. "पोट भरलं."

"बरं," यशोधन म्हणाला, आणि डाव परत पातेल्यात गेला. आग्रह नाही, काही नाही. देवश्री दोघांकडे बघतच राहिली.

शोभनाताई टबातून हे सगळं न्याहाळत होत्या. पाय गरम झाले होते आणि खट्याळपणा परत अंगात यायला लागला होता. त्या कळवळून म्हणाल्या, "यशोधनराव, एक मनाला लागून राहिलं बघा. नारळ तिकडेच राहिला हो. देवाला वाहिलेला. सकाळी जाऊन तेवढा घेऊन याल का?"

यशोधन निम्मा उठलासुद्धा. खुर्चीच्या पाठीवर ठेवलेल्या जॅकेटकडे त्याचा हात गेला. शशिकांतरावांच्या हातातला घास तसाच राहिला. मग यशोधनने हात मागे घेतला आणि तो सावकाश परत खाली बसला.

"नाही, आई," तो म्हणाला. "मी नाही जाणार."

शोभनाताईंनी गळ्यातली शिट्टी ओठांना लावली आणि आता छाती भरून वाजवली.